बिडात मुरलेलं ग्रीस: पावडर कोटिंगच्या आधी जुना व्हाइस कसा धुवायचा

वडिलांचा बेंच व्हाइस, म्हणजे काम करताना वस्तू जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा, मी पहिल्यांदा पावडर कोट केला, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी लावून भट्टीत भाजला, तेव्हा भट्टीचं दार उघडल्यावर तो अगदी नवा दिसला होता. गडद निळा, गुळगुळीत. तो थंड होईपर्यंत मी शेजारी बसून होतो. मग उजेडात धरला तर पुढच्या जबड्याखाली, जिथे स्क्रूचा नट बसतो त्या पोकळीच्या कडेला, बारीक बारीक फोड उठलेले. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं तर सगळीकडेच. एक फोड नखाने दाबला. वरचा निळा पापुद्रा सुटला आणि खाली बोटाला लागलं ते तपकिरी, पातळ तेल.

मी तो भाग दोनदा रॉकेलने धुतला होता, पॉलिश पेपर मारला होता, फडक्याने कोरडा पुसला होता. हाताला कुठेही ओशट लागत नव्हतं. तरीही तेल आलं. तेव्हापासून जुन्या ओतीव वस्तूंकडे बघायची माझी नजरच बदलली. वर दिसतं ते ग्रीस कोणीही काढतं. त्रास देतं ते आत मुरलेलं. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या मुरलेल्या तेलासाठी आहे. व्हाइसच्या जागी शिलाई मशीनचा सांगाडा असो, ड्रिल मशीनचा पाया असो की जुन्या पंपाची बॉडी, रीत तीच.

तेल आत जातं कसं

आपण ज्याला बीड म्हणतो त्या करड्या ओतीव लोखंडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. बीड तोडलं की आतून राखाडी, भुरभुरीत दिसतं ते त्यामुळेच. शिवाय ओतताना अडकलेल्या वायूची भोकं, थंड होताना आकसून पडलेल्या बारीक पोकळ्या, मातीच्या साच्याचा खडबडीतपणा. अशा वस्तूवर वीस-तीस वर्षं तेल-ग्रीस पडत राहिलं की ते या सगळ्या फटींत शिरून बसतं. स्क्रूचे आटे जिथे फिरतात आणि सरकता जबडा जिथे घासतो, तिथे सर्वांत जास्त.

ओला रंग थोडाफार तेलकटपणा पचवतो, कारण त्यातलं थिनर ते तेल थोडं विरघळवून घेतं. पावडरमध्ये थिनर नसतंच. ती नुसती प्लॅस्टिकची कोरडी भुकटी. विजेच्या भाराने वस्तूला चिकटते, भट्टीत वितळते, पसरते आणि घट्ट होते. बहुतेक पावडरींना धातूचं तापमान 180 ते 200 अंश सेल्सिअसला नेऊन दहा ते वीस मिनिटं ठेवावं लागतं. त्या उष्णतेत फटीतलं तेल पातळ होतं, फुगतं, वर चढतं, त्याची वाफ व्हायला लागते. नेमकी त्याच वेळी वर पावडरची साय धरलेली असते. वाफ ती साय फोडून निघाली तर छिद्र पडतं, फोडता आली नाही तर फोड येतो. आणि तेल आधीपासूनच पृष्ठभागावर असेल तर पावडर तिथून मागे सरते व माशाच्या डोळ्यासारखा गोल खळगा राहतो. तिन्ही खुणा नीट ओळखायला शिका. काय चुकलं ते कळायला तेवढं पुरे होतं.

आधी पूर्ण खोला

स्क्रू, नट, हँडल, जबड्याच्या प्लेटा, पिना, वॉशर, सगळं काढा. निघत नाही म्हणून एखादा नट जागेवर ठेवला तर त्याच्यामागे साठलेलं ग्रीस भट्टीत वितळून तुमच्या ताज्या कोटिंगवर ओघळणार. रबराचे वायसर आणि बेअरिंगही बाहेर काढा, त्यांना ही उष्णता सोसणार नाही.

जुन्या बिडाच्या वस्तूंवर आणखी एक गोष्ट असते आणि ती पटकन लक्षात येत नाही. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. ओतकामाचा खडबडीतपणा झाकायला कारखान्यातच जाड थर देत असत. रंग खरवडताना राखाडी किंवा पिवळट, खडूसारखा थर निघाला तर तो संपूर्ण काढा. लांबी भट्टीत तडकते आणि तिच्या आतही तेल शोषलेलं असतं. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडा घासून धूळ उडवू नका. रंग काढायच्या द्रवाने मऊ करून ओलाच खरवडा आणि ते खरवडण वेगळं गोळा करा.

खरवडणं

जाड चिकटा आधी हाताने काढायचा. मी लाकडाच्या चिपा वापरतो, एका टोकाला तासून धार केलेल्या. कोपऱ्यात लोखंडी पटाशीपेक्षा चांगल्या जातात आणि यंत्रावर कापलेल्या सपाट भागांना ओरखडे पडत नाहीत. आट्यांमधलं वाळलेलं ग्रीस सुतळीने निघतं. आट्यात सुतळीचा वेढा घ्यायचा आणि दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढायची, काळी वात बाहेर येते. इथे अर्धा तास घालवला तर पुढचं रॉकेल निम्मं लागतं.

रॉकेलचे तीन डबे

हे मला फार उशिरा कळलं. रॉकेल तेलाला मारत नाही, फक्त पातळ करून पसरवतं. एकाच डब्यात वस्तू बुडवून, ब्रश मारून, बाहेर काढून वाळवली की रॉकेल उडून जातं आणि त्यात विरघळलेलं तेल एकसारख्या पातळ थराने सगळ्या वस्तूवर बसतं. मघाशी जिथे नव्हतं तिथेसुद्धा.

म्हणून तीन डबे. पहिल्यात भिजवून घासायचं, ब्रशने, सगळ्या भोकांतून. तो डबा काळाच होणार. दुसऱ्यात खळबळायचं आणि पुन्हा ब्रश मारायचा, पण ब्रश वेगळा. तिसऱ्यात फक्त विसळायचं. तिसरा डबा पिवळा दिसायला लागला की तो दुसऱ्याच्या जागी येतो, दुसरा पहिल्याच्या, आणि तिसऱ्यात नवं रॉकेल. पहिल्या डब्यातलं काळं रॉकेल दोन दिवस झाकून ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं नितळ काढून पुन्हा पहिल्या धुण्याला वापरता येतं. खालची मळी गटारात किंवा मातीत ओतू नका. वापरलेलं इंजिन ऑइल जिथे घेतात तिथे द्या.

बिडाची वस्तू मी पहिल्या डब्यात रात्रभर ठेवतो. फटीतलं ग्रीस सैल व्हायला वेळ लागतो.

पेट्रोल वापरू नका. कोणी कितीही सांगितलं तरी नाही. पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खालच्या तापमानालासुद्धा पेट घेण्याइतकी साठते, जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची ठिणगी तिला पुरते. रॉकेल त्यामानाने सुरक्षित, पण तेही उघड्या हवेत, आगीपासून लांब. आणि ब्रेक धुवायचे जे स्प्रे मिळतात त्यांतल्या काहींत क्लोरीनयुक्त द्रावक असतं. असं द्रावक अंगावर राहिलेली वस्तू तापवली की फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो. डब्यावर क्लोरीनचं नाव दिसलं तर तो भट्टीत जाणाऱ्या वस्तूच्या जवळही आणायचा नाही.

गरम सोड्याचं पाणी

रॉकेलनंतर वस्तूवर रॉकेलचाच ओशटपणा राहतो. तो काढायला गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भांडी घासायचा द्रव साबण. मी एका लिटरला 50 ग्रॅम सोडा आणि एक मोठा चमचा साबण घेतो, पाणी 70 अंशांच्या आसपास. उकळायची गरज नाही, पण कोमटाने काम होत नाही. तापल्यावर तेल पातळ होतं आणि फटीतून सुटतं. गार पाण्यात तेच ग्रीस मेणासारखं बसून राहतं.

सोडा तेलाचा साबण करतो असा समज आहे. वनस्पतीचं तेल किंवा प्राण्यांची चरबी असेल तर काही अंशी खरं आहे. पण यंत्राचं तेल खनिज असतं आणि त्याचा साबण होत नाही. ते सुटतं ते पाण्यात मिसळलेल्या साबणामुळे, जो तेलाच्या थेंबाला वेढून पाण्यात तरंगत ठेवतो. म्हणून नुसत्या सोड्यात वस्तू तासभर ठेवून उपयोग नाही. सोडा आणि साबण दोन्ही हवेत, आणि त्यासोबत घासणंही. पाण्यावर तेलाचा तवंग आला की तो आधी कागदाने टिपून घ्या, मगच वस्तू बाहेर काढा. नाहीतर वर येताना वस्तू त्या तवंगातूनच येते आणि पुन्हा तेलाने माखते.

कॉस्टिक सोडा जास्त कडक आहे आणि बिडाला चालतो, पण मी तो टाळतो. डोळ्यात एक थेंब गेला तर कायमची इजा होऊ शकते. वापरणारच असाल तर चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. आणि अॅल्युमिनियमच्या वस्तूला तो अजिबात लावायचा नाही. अॅल्युमिनियम त्यात विरघळायला लागतं, हायड्रोजन सुटतो, पाच मिनिटांत पृष्ठभाग काळा आणि खरखरीत होतो. जस्ताच्या ओतकामालाही तेच. या दोन्ही धातूंना साबणाचं गरम पाणी पुरे, धुण्याचा सोडासुद्धा नको.

मग स्वच्छ गरम पाण्याने दोनदा विसळा. साबण राहिला तर पुढची परीक्षा खोटी ठरते.

पाण्याची परीक्षा

ही परीक्षा मी कधीच चुकवत नाही. डोळा फसतो, बोट फसतं, पाणी फसत नाही. वस्तूवर स्वच्छ, शक्यतो बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओता आणि तिरपी धरून अर्धा मिनिट नुसतं बघा. स्वच्छ धातूवर पाण्याची अखंड चादर राहते, काचेसारखी, खालच्या कडेकडून हळूहळू पातळ होत जाते. जिथे तेल आहे तिथे चादर फाटते. आधी एक बारीक भोक पडतं, मग ते रुंदावतं, कडेचं पाणी आकसून थेंब होतात.

माझ्या व्हाइसवर ही चादर सपाट भागांवर छान टिकायची, पण नटाच्या पोकळीशी आली की दर वेळी तिथेच फाटायची, एकाच जागी, चंद्रकोरीच्या आकारात. तीनदा धुतलं तरी तेच. त्या चंद्रकोरीवर मी खडूने खूण केली. पहिल्या कोटिंगचे फोड बरोबर तिथेच आले होते.

परीक्षा झाली की लगेच वाळवा. बीड ओलं राहिलं तर दहा-पंधरा मिनिटांत केशरी गंज धरतं. मी हेअर ड्रायर किंवा हीट गन वापरतो. काँप्रेसरची हवा वापरत असाल तर आधी पांढऱ्या कागदावर मारून बघा. कागदावर तेलाचे ठिपके उमटले तर तुमचा काँप्रेसर तेल फेकतोय, आणि इतका वेळ केलेली धुलाई एका फुंकरीत वाया जाईल. गाळणी बसवल्याशिवाय ती हवा वस्तूला लावू नका.

भट्टीत घाम काढणं

इथपर्यंतचं सगळं बरेच जण करतात. व्हाइस वाचला तो पुढच्या पायरीने.

पावडर लावायच्या आधी वस्तू रिकामीच भट्टीत घालायची आणि पावडरला जितकं तापमान लागणार त्याच्या वीस-तीस अंश वर न्यायची. माझी पावडर 200 अंशांची होती, मी 225 ठेवलं. हिशोब सरळ आहे. जे तेल बाहेर यायचं आहे ते आताच येऊ दे, साय धरायच्या आधी. मागाहून तेवढं तापमान येणारच नाही, म्हणून उरलेलं आतच राहील.

यासाठी स्वयंपाकाची भट्टी वापरायची नाही. वेगळी हवी, मोकळ्या हवेत, धूर बाहेर जाईल अशी. वस्तूवर द्रावकाचा ओलेपणा असताना भट्टीत घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. रॉकेलचा वास येत असेल तर धुलाई झालेली नाही असं समजा आणि मागे जा. ग्रीसचे गोळे आत राहिले असतील तर तेही पेट घेऊ शकतात. आधीची सगळी धुलाई त्यासाठीही आहे. भट्टी सुरू असताना तिथून हलू नका, विझवायचं साधन हाताशी ठेवा.

दहा-बारा किलोचं बीड तापायला वेळ घेतं. भट्टीचा काटा 225 दाखवत असतो आणि वस्तू आत अजून 120 वर असते. माझ्या भट्टीत व्हाइसच्या बॉडीला पाऊण तास लागला. वेळ मोजायची ती धातू तापल्यापासून. धातूचं तापमान बघायला तारेचा थर्मोकपल, म्हणजे वस्तूला टेकवायचा तापमापक, सर्वांत खात्रीचा.

पहिल्यांदा मी दार उघडलं तेव्हा खडूच्या त्या चंद्रकोरीवर तेलाचे थेंब उभे होते. मोहरीएवढे, मधाच्या रंगाचे, ओळीने. बाकी सगळी बॉडी कोरडी ठणठणीत. तीन वेळा धुतलेल्या, पांढऱ्या फडक्याला डाग न लागलेल्या बिडातून तेलाचा घाम निघत होता. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. वडिलांनी घातलेलं तेल होतं ते. रोज संध्याकाळी आट्यांवर दोन थेंब सोडायचे ते.

वस्तू हात लावण्याइतकी थंड झाल्यावर तो घाम रॉकेलच्या फडक्याने पुसा, पुन्हा सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा, पुन्हा भट्टीत. जोपर्यंत घाम किंवा धूर येतोय तोपर्यंत हेच. माझ्या व्हाइसला चार फेऱ्या लागल्या. शेवटच्या फेरीत एक तास ठेवून काहीच आलं नाही. गरम बीड पाण्यात बुडवायचं नाही, तडकतं. भट्टी बंद करून आतच थंड होऊ द्या.

अॅल्युमिनियमच्या ओतीव वस्तूंतही वायू अडकलेला असतो आणि त्यांनाही हा शेक हवा, पण एक-दोन फेऱ्यांत भागतं. जस्ताच्या ओतकामाला जपून. ते कमी उष्णतेतही फुगतं, म्हणून पावडरच्या तापमानापुढे न्यायचं नाही.

घासणं शेवटी, आधी नाही

शेकानंतर बिडावर पिवळसर-तपकिरी, वार्निशसारखा थर दिसतो. शिजलेलं तेल आहे ते, आता रॉकेलला दाद देत नाही. इथे ब्लास्टिंग करायचं, म्हणजे हवेच्या जोराने कडक दाणे मारून पृष्ठभाग घासायचा. मी 80 नंबरचं नवं अॅल्युमिनियम ऑक्साइड वापरतो. कोरडी वाळू वापरू नका, तिची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. ब्लास्टिंगची सोय नसेल तर तारेचा चक्री ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर.

अनेक जण गडबडीत ब्लास्टिंग आधी करतात. तेलकट वस्तूवर दाणे मारले की तेल आणखी खोल ठोकलं जातं, दाणेही तेलकट होतात, आणि पुढची प्रत्येक वस्तू त्याच दाण्यांनी मळते. धुणं, शेक, मग ब्लास्टिंग. हा क्रम बदलू नका.

ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटांचा ओशटपणासुद्धा पावडरीखाली ठसा उमटवतो. शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दोन फडक्यांनी. एका हातात ओलं, दुसऱ्या हातात कोरडं. ओल्याने पुसलेली जागा सुकायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायची. ती आपोआप सुकली तर मळ तिथेच बसला असं समजा. फडकी जुन्या सुती कपड्यांची चालतील, पण कपडे मऊ करायच्या द्रवात धुतलेली नकोत. तो द्रव धाग्यावर ओशट थर ठेवतो. सिलिकॉनचा स्प्रे तर त्या खोलीतच मारू नका. तो हवेतून येऊन बसतो आणि सहजासहजी निघत नाही.

मग आटे, सरकत्या जागा आणि नटाची पोकळी उष्णता सोसणारी टेप लावून झाका आणि त्याच दिवशी पावडर मारा. उघडं बीड रात्रभर ठेवलं तर सकाळी गंज असतो. सच्छिद्र ओतकामासाठी वायू सुटू देणाऱ्या खास पावडरी मिळतात. पहिल्यांदा करत असाल तर ती मागून घ्या. पण धुलाईच्या ऐवजी नाही, धुलाईनंतर.

दुसऱ्या वेळी भट्टीतून काढलेला व्हाइस मी सबंध दिवस तसाच ठेवला, मग खालची बाजू वर करून चंद्रकोरीची जागा भिंगाखाली बघितली. निळा थर सलग होता. संध्याकाळी स्क्रू परत बसवला आणि आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडले.